मोहरीलबाबूंचं कृष्णविवर

चंद्रशेखर मोहरील यांना लहानपणापासून आकाशाचं वेड होतं, असं आता कोणी सांगू लागलं आहे. ते खरं नाही. वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत त्यांना सप्तर्षी सोडून आकाशातलं काहीही ओळखता येत नव्हतं. ते जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात ट्रेसर होते. अभियंत्यांनी पेन्सिलीनं काढलेल्या आकृतीवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि काळ्या शाईनं ती रेघ न् रेघ गिरवायची, हे त्यांचं काम. कांचघर भागात आमच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बायको हेमलता, एक मुलगी प्रतिमा. सायकलनं कारखान्यात जायचं, सायकलनं परत यायचं, संध्याकाळी भाजी आणायची. असा तो सरळ चाललेला माणूस.

हे सगळं बदललं ते एका थट्टेमुळे. १९८३ च्या ऑक्टोबरात पेपरात बातमी आली की सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या शास्त्रज्ञाला नोबेल मिळालं. ड्रॉइंग ऑफिसात मोहरील पोचायच्या आधी बातमी पोचलेली होती. शेजारच्या टेबलावरचा शैलेंद्र उभा राहून म्हणाला, "वाह, चंद्रशेखर बाबू! नोबल मिल गया और मिठाई तक नहीं खिलाई?"

दिवसभर तेच चाललं. मोहरील भिडस्त. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच खोव्याची जिलेबी नेली. सगळ्यांनी खाल्ली. मग शैलेंद्रनं बोटं चाटत विचारलं, "अब ये तो बताइए, आपने खोजा क्या है?"

सगळे हसले. मोहरीलही हसले, पण त्यांना उत्तर येत नव्हतं. घरी आल्यावर चहा घेता घेता ते हेमलताबाईंना म्हणाले, "एवढी जिलेबी वाटून आलो, पण त्या माणसानं केलं काय, हे मला माहीतच नाही. हे काही बरोबर नाही."

"मग विनयला विचारा ना," हेमलताबाई म्हणाल्या. विनय दाणी हा हेमलताबाईंचा मावसभाऊ. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, सिविल लाइन्समध्ये राहायचा.

त्या रविवारी मोहरील सायकल काढून विनयकडे गेले. विनयनं त्यांना व्हरांड्यात बसवलं आणि अगदी साध्या शब्दांत सांगितलं. तारा म्हणजे जन्मभर चाललेली ओढाताण. त्याचं स्वतःचं वजन त्याला आत दाबत असतं आणि पोटातली धग त्याला बाहेर फुगवत असते. दोन्ही जोर सारखे, तोवर तारा सुखात. पण एक दिवस जळण संपतं. धग कमी होते आणि वजन जिंकतं. लहान तारा आक्रसत आक्रसत पृथ्वीएवढा होतो आणि तिथं थांबतो. चंद्रशेखर यांनी तरुणपणीच, विलायतेला जाताना बोटीवर बसून, गणित मांडलं की अशा थांबण्याला एक मर्यादा आहे. उरलेला गाभा सूर्याच्या साधारण दीडपट वजनापेक्षा जड असला, तर तो तिथं थांबू शकत नाही.

"मग काय होतं?" मोहरीलांनी विचारलं.

"अजून आक्रसतो. आणि फारच जड असला तर आक्रसतच जातो. शेवटी तिथून प्रकाशसुद्धा बाहेर पडू शकत नाही. त्याला म्हणतात कृष्णविवर. आपली पृथ्वी दाबून दाबून बोराएवढी केली ना, तर तिचंही तेच होईल."

"बोराएवढी? पूर्ण पृथ्वी?"

"पूर्ण. सगळ्या डोंगरांसकट."

मोहरील परत आले ते पायी, सायकल हातात धरून. सायकल बिघडलेली नव्हती. बसायचं भान राहिलं नव्हतं, असं ते स्वतःच सांगायचे.

दिवाळीत नागपूरहून पाहुणे आले. नागपूरचे पाहुणे आले की त्यांना भेडाघाट दाखवावाच लागतो. सगळे धुआंधार धबधब्याच्या कठड्याशी उभे राहून ओरडत होते, फवाऱ्यानं भिजत होते. मोहरील मात्र धबधब्याकडे पाठ करून वरच्या अंगाला बघत राहिले. तिथं नर्मदा शांत वाटत होती. कोणीतरी सोडलेली झेंडूची माळ पाण्यावरून हळूहळू येत होती. मग तिचा वेग वाढला, अजून वाढला आणि ती गेली. त्यांच्या मनात आलं, या पाण्यात मासा असेल तर वरच्या अंगाला तो उलटा पोहून जाऊ शकतो. खाली येता येता एक जागा अशी येते की पाण्याचा वेग माशाच्या वेगाएवढा होतो. तिच्या पुढे गेला की त्यानं कितीही शेपटी मारली तरी तो खालीच जाणार. त्या जागेवर पाटी नाही, दोरी नाही, पाणीही वेगळं दिसत नाही. कृष्णविवराची कड तशीच असणार. फरक एवढाच की तिथं सगळ्यात वेगवान मासा म्हणजे प्रकाश, आणि तोही परत येत नाही.

घरी येऊन त्यांनी कागद पसरला आणि ते चित्र काढलं. मग दुसरं काढलं. ताऱ्याचं वजन, ताऱ्याची धग, आक्रसणं. हात सुरेख होता. वर्षभरात दहा-बारा मोठे तक्ते तयार झाले.

पुढच्या गणेशोत्सवात मंडळात एका संध्याकाळचे कीर्तनकार आलेच नाहीत. लोक सतरंजीवर बसलेले. कोणीतरी म्हणालं, मोहरीलभाऊंकडे काही चित्रं आहेत, तीच दाखवू द्या. मोहरील धावत घरी गेले आणि तक्त्यांची गुंडाळी घेऊन आले. जन्मात पहिल्यांदा ते चार लोकांसमोर बोलले. घाबरले होते, तरी बरं बोलले. शेवटी बेबीताई म्हणून आमच्या गल्लीतल्या शिवणक्लासवाल्या बाई होत्या, त्यांनी विचारलं, "भाऊ, आपल्या सूर्याचं असं झालं तर आपलं काय होईल?"

मोहरीलांनी याचा विचारच केलेला नव्हता. पण समोर लोक वाट पाहत होते. ते म्हणाले, "होईल काय? ओढले जाऊ. सूर्य काळा पडेल आणि आपल्याला गिळून टाकेल."

टाळ्या पडल्या. आरती झाली. लोक घरी गेले.

आठवड्याभरानं पुंडलिक त्यांच्या दारात येऊन उभा राहिला. पुंडलिक रेल्वेत फिटर, गल्लीच्या टोकाला राहायचा. चेहरा वैतागलेला. "भाऊ, तुम्ही आमच्या आईला काय सांगून ठेवलं?"

त्याची आई राधाबाई सत्तरी ओलांडलेली होती. ती त्या दिवशी पुढच्याच रांगेत बसलेली. तेव्हापासून तिनं एकेक काम सोडून दिलं होतं. लिंबं आणून ठेवलेली तशीच पडली. लोणचं का घालत नाही म्हटलं तर म्हणायची, "काहून घालू? खायला कोण राहणार आहे?" रोज सकाळी दारात उभी राहून सूर्याकडे बघायची, आज काळा झाला का म्हणून.

मोहरीलांना आधी हसू आलं. मग फार वाईट वाटलं. ते तसेच विनयकडे गेले आणि आपण काय उत्तर दिलं ते सांगितलं. विनयनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, दोन्ही चुकीचं! एक तर सूर्य तेवढा जड नाहीच. तो कधी कृष्णविवर होणार नाही. आणि समजा जादूनं झाला, तरी वजन तेवढंच राहील ना? ओढ वजनावर आणि अंतरावर ठरते. पृथ्वी आत्ता फिरते तशीच फिरत राहील. अंधार होईल, थंडी पडेल, पण कोणी गिळणार नाही. कृष्णविवर काही झाडू मारत फिरत नाही."

मोहरील थेट राधाबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. ते समोर बसले आणि म्हणाले, "राधाकाकू, मी चुकीचं सांगितलं. सूर्याला काही होत नाही. मी विचारून आलो."

राधाबाईंनी त्यांच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "तेव्हा खरं सांगितलं की आता? मला बरं वाटावं म्हणून सांगून राहिला असशील तर सांगू नको."

"नाही काकू, देवाशपथ." मग त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, वजन आणि अंतर, सगळं. राधाबाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांब. ते काळं आहे. त्यातून उजेड येत नाही. मग ते दिसत नाही."

"नाही दिसत."

"दिसत नाही, तर आहे हे कळलं कोणाला? भुताच्याही अशाच गोष्टी सांगतात."

या प्रश्नाचं उत्तर मात्र मोहरीलांना येत होतं. हंस नावाचा तारकासमूह आहे, ते म्हणाले, त्यात एक मोठा निळसर तारा आहे. तो आठवड्याच्या आत एक गिरकी घेतो. पण कोणाभोवती? तिथं दुर्बिणीतून दुसरं काही दिसत नाही. शास्त्रज्ञांनी गिरकीचा वेग मोजला आणि गणित केलं. समोर जे न दिसणारं आहे ते सूर्याच्या कितीतरी पट जड निघालं.

राधाबाईंनी दोन्ही हात पुढं धरले. मग एकदम म्हणाल्या, "फुगडी!"

"काय?"

"अरे, दोघी फुगडी खेळून राहिल्या. एकीवर उजेड आहे, दुसरी अंधारात. मला एकच दिसते. पण ती मागं कलून फिरते आणि पडत नाही. म्हणजे समोर कोणीतरी तिचे हात धरून आहे. आणि ती जितकी कलते, तितकी समोरची जड."

मोहरीलांनी मांडीवर थाप मारली. मग मोठ्यानं हसले. "हेच काकू. अगदी हेच."

"अजून काय पुरावा आहे?" राधाबाईंना आता चव आली होती.

अजून होता. त्या निळ्या ताऱ्यावरचा वायू ओढला जातो, पण सरळ आत पडत नाही. भोवऱ्यासारखा फिरत फिरत जातो, एकमेकांवर घासतो आणि लाखो अंश तापतो. त्या तापातून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात हाडं बघायला वापरतात तेच. ते कडेच्या बाहेरून निघतात म्हणून आपल्यापर्यंत येतात. पण हवा त्यांना अडवते. म्हणून शास्त्रज्ञांनी यंत्रं रॉकेटात आणि उपग्रहात घालून हवेच्या वर पाठवली आणि तिथून पाहिलं.

"जात्यातून पीठ निघते ते गरमच असते," राधाबाई म्हणाल्या आणि आत जाऊन लिंबं घेऊन आल्या. बोलता बोलता चिरायला बसल्या.

त्या दिवसापासून रविवारची दुपार ठरून गेली. मोहरील जेवून राधाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसायचे. मग बेबीताई यायला लागल्या. हळूहळू आम्ही सगळेच. कोणी तांदूळ निवडत बसे, कोणी नुसतं ऐकत. मोहरील एकच नियम पाळायचे. ठाऊक नसलं की म्हणायचे, "माहीत नाही, विचारून येतो," आणि पुढच्या रविवारी खरंच विचारून यायचे. विनयला वर्षानुवर्षं त्यांनी छळलं, पण विनयही कधी कंटाळला नाही. राधाबाई गेल्या तेव्हा मोहरील तेराव्याला जाऊन आले. पुढच्या रविवारी मात्र त्याच ओट्यावर येऊन बसले आणि पुंडलिकनं सतरंजी आणून दिली.

या सगळ्यात एकच व्यक्ती मनापासून कंटाळलेली होती, ती म्हणजे प्रतिमा. तिचं बालपण तक्ते धरण्यात गेलं. "पापा, कितनी बार वही काला गोला?" असं ती म्हणायची. घरात मराठी, पण शाळेत, मैत्रिणींत, बाजारात हिंदी. तिला मराठी कळायची सगळी, बोलायला मात्र जड जायची. ती शिकली, बँकेत लागली, दोन-तीन गावं फिरून बदलीनं जबलपूरला परत आली आणि आईवडिलांजवळ राहू लागली. रविवारच्या दुपारी ती झोपायची.

२०१५ च्या पावसाळ्यात मोहरीलांना अर्धांगाचा झटका आला. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, पण शब्द तोंडापर्यंत येऊन अडकायचे. ओट्यावरची सतरंजी बंद झाली. आम्ही भेटायला जायचो, ते आमच्याकडे बघून मान हलवायचे. हेमलताबाईंनी तक्त्यांची गुंडाळी कपाटावर टाकून दिली. समोर दिसली की ते अस्वस्थ व्हायचे.

पुढच्या फेब्रुवारीत एके दुपारी प्रतिमा जेवायला घरी आली, तर मोहरील डाव्या हातानं पेपरवर थापा मारत होते. तोंडातून "ला… ला…" एवढंच. हेमलताबाई रडवेल्या झाल्या होत्या. "चष्मा दिला, पाणी दिलं, काहीच नको म्हणतात. काय पाहिजे ते कळूनच नाही राहिलं."

प्रतिमानं पेपर घेतला. हिंदी पेपर होता. पहिल्याच पानावर बातमी होती. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मोहरील शांत झाले. दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत आदळली आणि एक झाली, एकशे तीस कोटी प्रकाशवर्षांवर. तिथून उठलेली लाट शास्त्रज्ञांनी पृथ्वीवर पकडली होती.

"लाट? कसली लाट, बाबा? पाण्याची तर नाही ना?"

मोहरीलांनी मान जोरात हलवली आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. परातीत पाणी होतं. प्रतिमानं ती आणून पुढ्यात ठेवली. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं पाण्यात बुडवली आणि गोल फिरवू लागले. बोटं जवळ आली, वेग वाढला, अजून जवळ आली आणि एकमेकांना चिकटली. पाण्याच्या वेटोळ्या लाटा परातीच्या काठावर जाऊन आपटल्या. मग पाणी निवलं.

प्रतिमा परातीवर वाकली. "अच्छा… म्हणजे ते दोघं मिसळले आणि जागाच हलली? जागा म्हणजे, हे सगळं?" तिनं हातानं भोवतालची हवा दाखवली.

मोहरीलांनी टेबलावर एकदा टकटक केलं. एकदा म्हणजे हो.

तिनं पुढं वाचलं. अमेरिकेत चार चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात मांडलेल्या. दोन्हींतून लेसरचा प्रकाश जातो आणि आरशावर आपटून परत येतो. लाट आली की एक नळी इवलीशी लांबते, दुसरी आखडते. किती? अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी कमी.

"पण बाबा, इतनं बारीक… इतकं बारीक असेल तर रस्त्यावरून ट्रक गेला तरी हलेल ना? मग कसं कळणार की ट्रक होता की हे?"

मोहरीलांचे डोळे चमकले. त्यांनी दोन बोटं वर केली आणि हात जितका लांब जाईल तितका बाजूला नेला. प्रतिमानं पुन्हा पेपरात पाहिलं. अशी दोन केंद्रं होती, एकमेकांपासून हजारो किलोमीटर. ट्रक एकाच ठिकाणी जातो. आकाशातली लाट दोन्हीकडे येते, क्षणाच्या एका तुकड्याच्या फरकानं आणि सारख्याच आकाराची.

"भूकंपासारखं!" ती म्हणाली. सत्त्याण्णवचा भूकंप जबलपूरच्या कोणाला आठवत नाही? तेव्हा हादरा आपल्याकडे बसला, पण दूर दूरच्या यंत्रांवर त्याची रेघ उमटली, आणि त्या रेघांवरून केंद्र कुठं होतं ते लोकांनी काढलं. मोहरीलांनी टेबलावर टकटक केलं. एकदाच, पण जोरात. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हेमलताबाई दारात उभ्या राहून दोघांकडे बघत होत्या. प्रतिमाची जेवणाची सुट्टी कधीच संपली होती.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात प्रतिमानं मंडळाला स्वतः विचारलं, मी बोलू का? ती उभी राहिली आणि शेजारच्या खुर्चीवर मोहरील. दोघांनी आधी महिनाभर तयारी केली होती. ती सांगायची, ते टकटक करायचे. एकदा हो, दोनदा नाही. सभेतही तेच चाललं. तिची मराठी ठेचकाळत होती. "ती दोघी कृष्णविवर" म्हणाली तेव्हा मागची पोरं हसली. बेबीताई आता म्हाताऱ्या झालेल्या. त्या प्रेमानं म्हणाल्या, "बेटा, हिंदीत सांग, आम्हाला चालते."

"नाही काकू," प्रतिमा म्हणाली. "बाबांनी मराठीत सांगितलं आहे. मी पण मराठीतच सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या."

एका ठिकाणी तिनं एकशे तीस कोटी म्हणायच्या जागी एकशे तेरा कोटी म्हटलं, तर खुर्चीवर दोनदा टकटक झाली. तिनं दुरुस्त केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी तिनं सांगितलं की असंच एक केंद्र आता आपल्याकडेही होणार आहे. हिंगोलीची जागा ठरते आहे, असं नंतर कळलं तेव्हा तर आम्हाला आपलंच घर निघाल्यासारखं वाटलं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे सोयरे त्या बाजूला आहेत.

रविवारची सतरंजी पुन्हा पडू लागली. मोहरीलांची वाचा हळूहळू, एकेक शब्दानं परत येत होती. डॉक्टर म्हणाले व्यायामानं. हेमलताबाई म्हणाल्या, प्रतिमा चुकीचं बोलते म्हणून, दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नाही.

मग एप्रिल २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र आलं. गल्लीत प्रत्येकाच्या मोबाइलवर तेच. काळोखाभोवती नारिंगी कडं, एका बाजूला जास्त उजळ. त्या रविवारी ओटा पुरला नाही. लोक रस्त्यावर बसले. प्रतिमानं सांगितलं की हे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे. एवढं लांबचं दिसायला पृथ्वीएवढी दुर्बीण लागली असती. ती कोण बांधणार? म्हणून शास्त्रज्ञांनी जगाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतल्या, डोंगरमाथ्यांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच वेळी त्याच्याकडे वळवल्या. प्रत्येकीजवळ अचूक घड्याळ. माहिती इतकी जमली की तारेनं पाठवता येईना, डिस्का विमानातून न्याव्या लागल्या. मग संगणकावर सगळं जुळवत दोन वर्षं गेली. कडं आहे ते तापलेल्या वायूचं. मधला काळोख ही कृष्णविवराची सावली.

पुंडलिकनं विचारलं, "पण त्या काळ्याच्या आत काय आहे?"

प्रतिमा वडिलांकडे वळली. मोहरीलांनी खुर्चीचा हात धरला आणि सावकाश उभे राहिले.

"माहीत नाही," ते म्हणाले. शब्द जड होते, पण स्पष्ट. "कोणालाच. आतून… काही येत नाही. अजून… शोधून राहिले."

एवढं बोलून ते बसले. लोक पांगल्यावर प्रतिमा त्यांना हाताला धरून घरी नेत होती. आम्ही मागून चाललो होतो. मोहरील तिला काहीतरी बोलत होते आणि ती मान हलवत होती.

"फोटो नाही. चित्र म्हण," ते म्हणत होते. "रंग… नंतर भरला. रेडिओलहरींना… रंग असतो का?"

"पण बाबा, सगळे फोटोच म्हणून राहिले."

"म्हणू दे. तू… चित्र म्हण."

"चलो, ठीक आहे. चित्र."

"आणि डिस्का नाही. डिस्क."

"आता ते राहू द्या ना!" ती म्हणाली, आणि दोघं भांडत भांडत घरात शिरली. हेमलताबाईंनी आतून विचारलं, चहा टाकू का. टाक, दोघांनी एकदमच सांगितलं.